जमिनीवरून उठता येणं

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: आईचं घर, भांडुप. हजर: आई, दादा, वहिनी, मी. फोनवर: धाकटी बहीण, नाशिकहून. विषय एकच: आईने यापुढे एकटीने राहायचं की नाही.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात, ऑफिसात नोकरी करते. सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे घरच्या बैठकीचंही टिपण आपोआप झालं. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे.

बैठक का भरली ते आधी सांगते. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी एक वाजता मी नेहमीसारखा आईला फोन केला. तिने उचलला नाही. पाच मिनिटांनी केला, दहा मिनिटांनी केला. मग अर्धी रजा टाकून रिक्षा पकडली. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला पाठ टेकून बसलेली. पुढ्यात परात, परातीत सोललेले मटार, बाजूला सालांचा ढीग. साडेनऊला ती मटार सोलायला बसली होती. ते अकराच्या आत संपले. तेव्हापासून तिला उठता येत नव्हतं. फोन बाहेर पलंगावर वाजत होता आणि तिला तो ऐकू येत होता.

"पडलंय नाय हां मी," मला बघताच ती म्हणाली. "बसलंय. उठूक जमला नाय, इतक्याच."

साडी ओली झाली होती.  काखेत हात घालून तिला उचललं तेव्हा मी जितका जोर लावला, तितक्याची गरजच नव्हती. दर रविवारी मी तिला भेटत होते, पण उचलून पाहिलं नव्हतं.

हाड कुठलं मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मांड्यांमधली ताकद गेली आहे, खातात काय या? आई म्हणाली, "सगळा खातंय." वय अठ्ठ्याहत्तर. वडील जाऊन चार वर्षं झालेली.

बैठकीत दादाने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "हे बघा, आज बसली आणि उठली नाही. उद्या बाथरूममध्ये पडली तर? मी डोंबिवलीला, ही मुलुंडला. आईने आमच्याकडे यायचं. विषय संपला."

"संपलो कसो? माका विचारलंस?" आई म्हणाली.

"आई, आमच्याकडे लिफ्ट आहे, कमोड आहे," वहिनी म्हणाली. "इथे दोन जिने चढायचे तुम्ही."

"लिफ्ट आसा म्हणान काय लिफ्टीत रवू? थंय सातव्या माळ्यार माका कोण वळखता?"

"मी ओळखतो ना!" दादा म्हणाला.

"तू सकाळी आठाक जातंस, रात्री नवाक येतंस. तुझा तोंड माका फोटोत बरा दिसता."

नाशिकहून बहीण हसली आणि लगेच तिचा आवाज तुटला. दादाही हसला असता, पण त्याने स्वतःला आवरलं. मी मध्ये पडले. म्हटलं, तीन महिने द्या. व्यायाम आणि खाणं दोन्ही मी बघते.

"आणि तीन महिन्यांनी बरी झाली की नाही ते कोण ठरवणार? तू?" दादाने विचारलं.

उत्तर आईने दिलं. "मेच्या शेवटाक सगळ्यांनी येवा. मी हयच जमनीर बसतंय आणि कोणाचो हात न धरता उठान दाखवतंय. उठलंय तर परत हो विषय काढूचो नाय. नाय उठलंय तर ने माका, झिला, खंय नेतंस थंय."

ठराव म्हणून मी तेच लिहिलं.

नाहूरला एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांना दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. त्यांनी आईला पलंगावरून उठवलं, भिंतीला धरून चालवलं, मांडी दाबून पाहिली. म्हणाल्या, "आजी, चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने हे भरून यायचं नाही. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आणि पोटात काहीतरी हवं. रिकाम्या पोटी व्यायाम म्हणजे पाय आणखी वाळणार." मला बाजूला घेऊन त्यांनी हेच पुन्हा सांगितलं: खाणं आधी, व्यायाम त्याच्या बरोबरीने. मी ते लिहूनही घेतलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तक्ता केला. मोठा कागद, डावीकडे कामं, वर वार. सकाळी खुर्चीतून उठणं दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. टाचा वीस. गॅलरीत चार फेऱ्या. खाली खाणं: रविवार सोडून रोज एक अंडं, दोन वाट्या घट्ट डाळ, दही, मूठभर भिजवलेले चणे, आठवड्यातून दोनदा मासे. प्रत्येकापुढे रकाना. आई चौथी शिकलेली आहे, टिक करायला तिला अडचण नव्हती. फ्रिजच्या दारावर तक्ता लावला, दोऱ्याने निळं पेन बांधलं. मला फार बरं वाटलं. कागदावर आलं की माझं अर्धं काम झालेलं असतं.

आता वाचताना त्या तक्त्यात एक गोष्ट मला लगेच दिसते. तो एका माणसाचा होता.

आमच्या घरात एका माणसाचा स्वयंपाक कधी झालाच नव्हता. आम्ही पाच जण, शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी. मासळी यायची ती वाट्याने. कोळीण पाटीवर बांगड्यांचे, मांदेलीचे ढीग लावते. एक ढीग म्हणजे एक वाटा, तो पुरा घ्यायचा. एका घराला जास्त झाला तर समोरच्या घराशी मिळून घ्यायचा. समोरच्या काकींचं आणि आईचं ते ठरलेलंच होतं. एक वाटा, दोन टोप, आणि शिजल्यावर एक वाटी इकडून तिकडे, एक तिकडून इकडे, कारण दोघींना एकमेकींच्या आमटीत खोट काढायची असायची. वडील गेल्यानंतरही हे चालू होतं. मग काकींना त्यांच्या मुलीने नेलं. त्यांच्या जागी आलेलं जोडपं सकाळी कुलूप लावतं ते रात्री काढतं. चांगली माणसं आहेत, आईला जिन्यात भेटली की पिशवी हातातून घेतात. पण त्यांच्याकडे वाटी कधी द्यायची?

हे सगळं मला माहीत होतं. तक्ता करताना आठवलं नाही.

पहिल्या महिन्यात सगळे रकाने भरलेले. मी रविवारी जायचे, तक्त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे. बहीण टाळ्यांची चित्रं पाठवायची. दादा फक्त अंगठा. मी आईला माझ्यासमोर खुर्चीतून उठायला लावायचे आणि आकडा वहीत लिहायचे. पहिल्या रविवारी चार. मग पाच. मग सहा. मग सहा. मार्चअखेर पुन्हा पाच, आणि पाचव्याला तिने टेबलाची कड धरली.

"उकडता किती," ती म्हणाली.

मीही वहीत लिहिलं: उकाडा. ब्लाउज ढिले झाले म्हणून तिने ते आत घेतले होते, ती टीप मी पाहिली होती. अंडी मी दर रविवारी सहा न्यायचे, पुढच्या रविवारी ट्रे रिकामा असायचा. सहा टिका, सहा अंडी. हिशेब जुळत होता, मग शंका कशाला घेऊ?

एप्रिलमध्ये एका गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. आईला न सांगता जायचं असं काही मनात नव्हतं, वाटेत मासे घेऊन जावेत इतकंच. नाक्यावर कोळीण बसली होती. मी लहान असल्यापासून ती आणि त्याआधी तिची सासू तिथेच बसते.

"तू मालवणी आजीची मुलगी ना गं?" ती म्हणाली. "आजी कुठे आहे? गावाला गेली काय?"

"नाही, इथेच आहे. येते ना तुझ्याकडे?"

"कुठे येते! गणपतीच्या आधीपासून आली नाही. मला वाटलं..." तिने बोलता बोलता सुरीवरचं पाणी झटकलं. "चल, बरी आहे ना, झालं तर."

तक्त्यावर माशांपुढे तोवर चौदा टिका होत्या.

वर गेले. साडेअकरा वाजले होते. आई पलंगावर बसून कपभर चहात टोस्ट बुडवत होती. गॅसवर काही नव्हतं. टोपात सकाळची पेज, वर साय धरलेली. फ्रिजवर त्या दिवसाचे सगळे रकाने भरलेले, संध्याकाळच्या दहा उठण्यांसकट.

"आई, हे काय? संध्याकाळ झाली तुझी?"

"सकाळीच करून टाकतंय. मगे इसरतंय."

"आणि मासे? कोळीण म्हणते गणपतीपासून तू गेली नाहीस."

ती चिडली.  "एकट्याक वाटो घेवन काय करू? तीन दिस तोच खावचो? अर्धो ती देना नाय. आणि देतली तरी मी मागूचंय नाय. माका भिकारीण समजतली."

"अंडी?"

"जिनो झाडता ती बाय आसा मा, तिचा चेडू बाळंत झाला. तिका गरज. माका म्हातारेक आता अंडी खावन काय अखाड्यात जावचा आसा?"

"मग टिका कशाला केल्यास गं?"

"तू रविवारी येतंस, पयला त्या कागदाकडे जातंस. मगे माझ्याकडे बघतंस." चहाचा कप तिने खाली ठेवला. "तुका बरा वाटता म्हणान केलंय."

वहीत त्या दिवसाचं काही लिहिलेलं नाही.

पुढचे काही आठवडे मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, कॉलेज सुटल्यावर मी थेट भांडुपला जायचे आणि तिच्याबरोबर जेवायचे. शनिवारी तिला हाताला धरून नाक्यावर न्यायचे. पहिल्या शनिवारी कोळीण म्हणाली, "या आजी, मेलीस असं वाटलं मला." आई म्हणाली, "मेलंय असतंय तर तुका बरा झाला असता, ह्ये शिळे बांगडे तू दुसऱ्याच्या गळ्यात घातलंस असतंस." दोघी दहा मिनिटं भांडल्या. आई तेवढा वेळ उभी होती, कशालाही न धरता. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

वाटा पुरा घ्यायचो. मी डबा भरून मुलुंडला न्यायचे, आई दोन तुकडे खायची, आणि माझ्या आमटीत काय कमी असतं ते तिसरा घास संपायच्या आत सांगायची. व्यायामही जेवणाआधी दोघी मिळून. मीही खुर्चीतून उठत होते. पन्नाशी ओलांडलेले माझे गुडघे दहाव्याला बोलायला लागले तेव्हा आई म्हणाली, "तुझो पण तक्तो लाव." तीन आठवड्यांत ती आठवर गेली. चेहऱ्यावर थोडा रंग आला. फिजिओबाईंनी येऊन पाहिलं, म्हणाल्या, असंच चालू ठेवा, पण याला महिने लागतात, आठवडे नाहीत. जमिनीवरून उठायची घाई करू नका.

घाई मीच करून ठेवली होती, ठरावात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजात प्रवेशाच्या कामाची गर्दी सुरू झाली. ऑफिसात तिघांपैकी एक जण रजेवर. मंगळवार सुटला, मग गुरुवार. शनिवारी मी गेले ती आठ वाजता, पाय ओढत, पाव घेऊन. आईने पेज करून ठेवली होती. तक्ता आता ती खरा भरत होती. मी न गेलेल्या दिवसांचे रकाने कोरे होते, सगळेच्या सगळे, ओळीने. मी ते पाहिले आणि काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पुढचा रकाना पुन्हा भरलेला दिसला असता. पर्याय नव्हते असं नाही. डबा लावता आला असता. दादाला एक वार घ्यायला सांगता आलं असतं. त्याने घेतलाही असता. तारीख पुढे ढकला, असं तर एका फोनवर सांगता आलं असतं. पण आई माझी जबाबदारी असं मी सगळ्यांसमोर म्हणून बसले होते, आणि मागे घ्यायला माझी जीभ वळली नाही.

मेचा शेवटचा रविवार. हजर तेच. बहीण यावेळी स्वतः आली होती, आंबे घेऊन.

आईने नवी साडी नेसली होती. चहा झाला, मग तिने स्वतःच चटई पसरायला सांगितली. कपाटाला धरून ती खाली बसली, पाय लांब केले, पदर खोचला. दादा म्हणाला, "आई, राहू दे ना. बसून बोलू."

"कोणी हात लावायचो नाय," ती म्हणाली.

फिजिओबाईंनी शिकवलं होतं तसं तिने केलं. आधी कुशीवर. मग दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर. इथवर ती आली. एक पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर टेकवलं. मग त्या पायावर जोर द्यायचा आणि उठायचं. तिने जोर दिला. मांडी थरथरायला लागली, साडीवरूनही दिसत होतं. ती चार बोटं वर आली असेल. पुन्हा खाली. पुन्हा वर, तितकीच. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून आवाज आला आणि वहिनी पुढे झाली. "अहो, धरा ना त्यांना! बघत काय बसलात सगळे?" वहिनी रडत होती. दादा उठला.

"हात लावायचो नाय म्हटलंय मा!" आई ओरडली.

ती परत बसली. श्वास लागला होता.  मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लिव."

"काय लिहू?"

"नापास लिव. तुझी वही खंय आसा?"

वही माझ्या मांडीवरच होती. मी लिहिलं नाही. दादा आणि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला उठवलं. तिने विरोध केला नाही. आंबे कापायचे राहिले, बहिणीने ते तसेच परत पिशवीत भरले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादा तिला घेऊन गेला. डोंबिवलीला तिची आबाळ होते असं मी म्हणू शकत नाही. वहिनी सकाळी कामावर जायच्या आधी अंडं उकडून सोलून ठेवते, दुपारच्या डाळीची वाटी झाकून ठेवते, संध्याकाळी आल्यावर विचारते. आई खाते. खाते, कारण दुसऱ्याच्या घरी ताटात टाकायचं नसतं. पण दिवसभर ती खिडकीजवळच्या खुर्चीत असते. उठून जायला कुठे काही नाही: पाणी हाताशी, रिमोट हाताशी, बाथरूम सहा पावलांवर आणि तिथेही धरायला दांडी. तिने पडू नये म्हणून सगळं केलेलं आहे. नाक्यावर जाऊन भांडायचं नाही, दोन जिने चढायचे नाहीत. जुलैत वॉकर आणला. मी रविवारी गेले की खुर्चीतून उठायला सांगते. ती एकदा उठते, माझ्यासाठी, आणि बसते.

गेल्या महिन्यात दादाने भांडुपचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं. बंद घर खराब होतं, त्याचं म्हणणं चुकीचं नाही. एक नवरा-बायको बघून गेले, कागद झाले, पुढच्या एक तारखेला ते राहायला येतील. घराच्या कामांचं पान माझ्या वहीत आहे. देव डोंबिवलीला नेणे, झालं. भांडी बांधून माळ्यावर, झालं. आईच्या साड्या, झालं. सोसायटीला पत्र, झालं. फ्रिज धुणे, तक्ता काढणे, झालं.

एक ओळ राहिली आहे: आईला सांगणे. दादा म्हणतो, तू सांग, तुझं ती ऐकते. बहीण म्हणते, फोनवर नको, समोर बसून सांग. गेल्या रविवारी मी त्याच कामासाठी गेले होते. आईने माझी पिशवी हातातून घेतली आणि पहिलंच विचारलं, "घरा जावन इलंस? खिडक्यो उघडतंस मा? नायतर कुबट वास येतलो. मी परत येतलंय तेव्हा."

मी म्हटलं, "हो, उघडते."

आज चोवीस तारीख. ती ओळ अजून तशीच आहे.